परातीतला हिमालय

बर्फाशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला. पहिल्यांदा शाळेत असताना, जत्रेतल्या लाल गोळ्याच्या रूपाने. त्यानंतर मी आठ दिवस अंथरुणात होतो आणि तो गोळेवाला आठ दिवस आमच्या वडिलांच्या तोंडात होता. दुसऱ्यांदा मेहुणीच्या लग्नात. सरबतासाठी आणलेली बर्फाची लादी, बँकेत नोकरीला असलेला जबाबदार जावई म्हणून, माझ्या ताब्यात देण्यात आली. मी ती गोणपाटात गुंडाळली, वर भुसा घातला आणि शेजारी खुर्ची टाकून दोन तास पहारा दिला. लादी न्यायला माणसे आली तेव्हा गोणपाट होते, भुसा होता, मीही होतो. लादी नव्हती. ती कधी गेली हे शेजारी बसलेल्या मला कळलेच नाही. बर्फ न सांगता जागा सोडतो, एवढे ज्ञान मला त्या दिवशी झाले. पण ते पुढे कामाला येईल असे काही वाटले नव्हते.

त्यामुळे गेल्या जानेवारीत कऱ्हाडहून अक्काचा फोन आला आणि "अरे, हा बर्फात जायचं म्हणतोय" असे ती म्हणाली, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "स्वेटर दे बरोबर."

"स्वेटरने भागलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?" अक्का म्हणाली. "तो डोंगरावर पायाला फळ्या बांधून चढणार आणि वरून घसरत येणार. तेही नेहमीच्या जागी नाही. म्हणतो, जिथे कुणी गेलेलं नाही तिथनं. मी म्हटलं, कुणी गेलेलं नाही त्याला काहीतरी कारण असेल ना?"

मी कॉमर्सचा पदवीधर आहे, बँकेत वीस वर्षे काढली आहेत आणि धोका म्हणजे काय यावर बँकेने मला दोनदा ट्रेनिंगला पाठवले आहे. अक्काच्या या वाक्यापेक्षा वेगळे असे तिथे मला कुणी काही शिकवलेले नाही.

भाचेराव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतात. सोमवार ते शुक्रवार ते खुर्चीत बसतात आणि त्याचा सूड शनिवार-रविवारी डोंगरांवर उगवतात. आधी सह्याद्री झाला, मग हिमालयातले ट्रेक झाले, मग गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा कोर्स झाला. आता चार मित्र मिळून, राखलेल्या उतारांच्या बाहेर, मोकळ्या डोंगरात जाणार होते. अक्काने मला कामगिरी दिली ती एवढीच, की मी त्याला कोयनेला बोलावून घ्यावे आणि समजवावे.

या कामासाठी माझीच निवड का, हे सांगायला हवे. आमच्या घराण्यातला घाबरटपणा वारसाहक्काने माझ्याकडे आलेला आहे. मी शेअर घेत नाही. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. रस्ता ओलांडताना एकमार्गी रस्त्यावरही दोन्हीकडे बघतो. अशा माणसाची बदली कोयनानगरला व्हावी हा बँकेचा विनोद आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे जो भूकंप झाला त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आणि जमीन अजूनही अधूनमधून आपण असल्याची आठवण देते. मी नवा होतो तेव्हा पहिल्या धक्क्याला उशी घेऊन अंगणात पळालो होतो. शेजारचे निवृत्त मास्तर अंथरुणातूनच ओरडले, "तीनच्या आतला आहे, झोपा!" आता मीही झोपतो. कुलूप तीनदा ओढणारा माणूस धरणीकंपात कुस बदलून झोपतो, याचे मला तेव्हा काहीच वाटले नव्हते.

भाचेराव शनिवारी रात्री शेवटच्या एस.टी.ने आले. मी तयारीत होतो. ऑडिटला कागद काढून ठेवतात तशी मी कात्रणे काढून ठेवली होती. जेवण झाल्यावर मी एकेक टेबलावर मांडू लागलो. 4 ऑक्टोबर 2022: उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का दांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. 1 फेब्रुवारी 2023: गुलमर्गच्या वर अफरवाटला दोन पोलिश स्कीअर गेले. 22 फेब्रुवारी 2024: पुन्हा गुलमर्ग, एक रशियन.

त्याने शांतपणे सगळी पाहिली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही एक विसरलात. 3 फेब्रुवारी 2016, सियाचीन. दहा जवान. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता."

मी गप्प झालो. ती बातमी आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. ती माझ्या कात्रणांत नव्हती, कारण मी फक्त हौशी लोकांची कात्रणे काढली होती.

"त्यांना जावंच लागतं," तो म्हणाला. "मला जावं लागत नाही. म्हणून तर मला जास्त अभ्यास करायला पाहिजे." आणि मग स्वयंपाकघराकडे वळून, "मामी, मोठी परात आहे का? आणि थोडी साखर. आणि गव्हाचं पीठ."

आमच्या हिला वाटले तो काहीतरी करून खायला घालणार आहे. तिने हौसेने सगळे दिले. एरवी मी चहात अर्धा चमचा जास्त साखर घेतली तर जी बाई डब्याचे झाकण माझ्या बोटांवर लावते, तिने भाच्याला अख्खी वाटीभर साखर काढून दिली. त्याने ती परातीत सारखी पसरली. वर चाळणीने पीठ चाळून बोटभर जाडीचा थर दिला आणि वाटीच्या तळाने हलकेच दाबून घेतला. दिसायला थेट हिमालय. पीठ पांढरेशुभ्र नव्हते, पण आमच्या गिरणीवाल्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

"डोंगरावरचा बर्फ म्हणजे एक ढीग नसतो," तो सांगू लागला. "प्रत्येक बर्फवृष्टीचा एक थर. सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि नंतर बरेच दिवस आभाळ निरभ्र राहून कडक थंडी पडली, की तो खालचा थर आतल्या आत बदलतो. त्याचे सुटे सुटे दाणे होतात, साखरेसारखे. एकमेकांना धरत नाहीत. मग त्यावर फेब्रुवारीत दोन-तीन फूट नवा बर्फ येतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वरून सुंदर. खाली साखर."

मला एकदम पटले. हे तर आमच्या धंद्यातले आहे! समजा, फार पूर्वी एक वाईट कर्ज दिले गेले. ते बुडीत म्हणायचे कुणाला धाडस होत नाही. म्हणून त्यावर एक नवे कर्ज देतात, त्यातून जुन्याचे व्याज भागते, पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक. दरवर्षी नवा, स्वच्छ थर. ताळेबंद कसा पांढराशुभ्र! आणि मग एक दिवस एखादा निरुपद्रवी कारकून सही तपासायला म्हणून त्या खात्यावर पाय ठेवतो, आणि वरपासून खालपर्यंत सगळे एकदम घसरते. मी हे बोलून दाखवले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आमच्या इन्स्ट्रक्टरलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नाही." त्याला समजवायचे आहे हे मी इथे पहिल्यांदा विसरलो.

मग माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आला. परातीची एक बाजू हळूहळू उचलायची आणि मुलीने अंश वाचायचे असे ठरले. दहा. काही नाही. वीस. काही नाही. पंचवीसला साखर जराशी कुरकुरली. त्याने परात तिथेच थांबवून, मधोमध एक शेंगदाणा अलगद ठेवला.

"हा मी."

"शुभ बोल रे," आमची ही म्हणाली.

तीस. बत्तीस. पीठ जागच्या जागी. "बघा, आपोआप काही होत नाहीये," तो म्हणाला. "तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार हाच सगळ्यात वाईट. त्याहून सपाट असला तर बर्फ बसून राहतो, फारच उभा असला तर साठत नाही. आणि घसरायला मजा नेमकी याच उतारांवर येते." एवढे बोलून त्याने शेंगदाण्यावर बोट टेकवले.

एक चीर पडली. ती बोटापाशी नव्हती. वर, परातीच्या काठापाशी पडली. आणि बोटभर जाडीचे ते सबंध पीठ, एकाच्या एक लादीसारखे सुटून, साखरेवरून सरसरत खाली आले. परातीच्या खालच्या बाजूला मी बसलो होतो. ऑफिसच्या पॅंटवर होतो.

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आणि दादा कुठे गेला?"

शेंगदाणा दिसत नव्हता. भाच्याने घड्याळाकडे पाहिले आणि त्याचा आवाज जरा बदलला. "शोधा. दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर बहुतेक वाचतो. त्यानंतर दर मिनिटाला शक्यता झपाट्याने उतरते." पिठात चार माणसांचे आठ हात घुसले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पीठ सतरंजीवर, माझ्या मांडीवर, स्टुलाखाली. पंधरा मिनिटे झाली तेव्हा मुलगी रडकुंडीला आली होती आणि आमची ही देवाचे नाव घेत होती. बाविसाव्या मिनिटाला तो माझ्या पॅंटच्या खिशाच्या दुमडीत मिळाला. खरपूस भाजलेला होता. पण कुणी खाल्ला नाही.

"म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन लागतो," भाचा पीठ गोळा करत म्हणाला. बीकन म्हणजे छातीशी बांधायचे एक यंत्र. ते सतत सिग्नल सोडत राहते. कुणी गाडले गेले की बाकीचे आपापली यंत्रे शोधण्यावर लावतात आणि त्याला हुडकतात. शिवाय टोचून बघायला एक घडीची लांब काठी आणि उकरायला फावडे. "पण एकट्याकडे असून उपयोग नाही. बरोबरच्याकडेही पाहिजे आणि त्याला ते वापरता आलं पाहिजे. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते."

"म्हणजे जॉइंट अकाउंट," मी म्हणालो. "आयदर ऑर सर्व्हायव्हर."

आमच्या हिने माझ्याकडे असे पाहिले, की मी लगेच झाडू आणायला उठलो.

झाडता झाडता मी विचारले, की धोका आहे हे आधी कळत नाही का. तो म्हणाला, कळते की. आपल्याकडे चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. आंतरराष्ट्रीय मापात पाच पायऱ्या असतात. पाचवीला कुणी घराबाहेर पडत नाही; चौथीला शहाणे पडत नाहीत. आल्प्समधल्या जाणकारांचा अनुभव असा, की सगळ्यात जास्त माणसे तिसऱ्या पायरीला जातात. मधली पायरी. नारंगी रंगाची. "तिसऱ्याला माणूस म्हणतो, पाचातलं तीन, म्हणजे पासच की. आणि हेही लक्षात ठेवा, मामा: जे सापडतात त्यातल्या दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. डोंगर येऊन अंगावर पडत नाही. आपणच जाऊन बोट टेकवतो."

"मग जातोस कशाला?" मी शेवटी मुद्द्यावर आलो.

त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "आईला सांगा, मला भीती वाटते. भीती वाटेनाशी झाली की जायचं बंद करीन."

हे अक्काला कसे सांगायचे? मी सांगितले, "बराच समजावलाय." तो फेब्रुवारीत गेला. जाताना माझ्याकडून एका बीकनचे पैसेही घेऊन गेला. चौघांत तीनच होते, आणि चौथा विनाबीकनचा मुलगा कुणाचा तरी भाचा असणारच. हा व्यवहार अक्काच्या कानावर अजून गेलेला नाही.

दहा दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. तीन दिवस बर्फ पडत होता म्हणून ते खोलीत पत्ते खेळत बसले होते. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडले. समोर कोरा उतार. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून दोन तास चढले, आणि एका जागी पायाखाली 'धप्' असा आवाज आला. एखादी मोठी गादी खाली बसावी तसा. आतला थर दबल्याचा तो आवाज. मित्र म्हणाले, शेजारून कालच्या कुणाच्या तरी रेघा गेल्यात, म्हणजे उतार पक्का आहे. हा म्हणाला, नाही. वाद झाला. दोन तास चढलेले सगळे सोडून ते खालच्या सपाटीवरून परत आले.

"आणि मग तो उतार कोसळला!" मी उत्सुकतेने म्हणालो.

"नाही ना," तो म्हणाला. "अर्ध्या तासाने दुसरा एक ग्रुप त्याच उतारावरून आरडाओरडा करत, झकास खाली आला. आम्ही चहा पीत बघत होतो."

अक्काला मी यातला पहिला अर्धा भाग तेवढा कळवला.

आता पावसाळ्याकडे येतो. कोयनेला पावसाळा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इतर गावांत लोक सकाळी पेपरात क्रिकेटचा स्कोअर बघतात, आम्ही 'कोयना, नवजा, महाबळेश्वर' या तीन ठिकाणांचे चोवीस तासांतले मिलिमीटर बघतो. नवज्याने महाबळेश्वरला मागे टाकले की गावात उगाचच अभिमानाची लहर येते. धरणात किती टी.एम.सी. झाले यावर पैजा लागतात. कपडे जूनमध्ये वाळत घालायचे आणि गणपतीला काढायचे.

पण 22 जुलै 2021 च्या रात्रीपासून त्या आकड्यांकडे बघायची आमची नजर जरा बदलली आहे. त्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसात आमच्याच पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे घरांवर डोंगर आला. त्याच दिवशी पलीकडे महाडजवळ तळिये गेले. त्याआधी 2014 साली माळीण गेले होते, नंतर 2023 साली इर्शाळवाडी गेली. मिरगावच्या काही माणसांचे पासबुक मी भरून दिलेले आहे. त्यानंतर वारसांचे अर्ज आले तेही मीच घेतले. त्या अर्जात 'मृत्यूचे कारण' असा रकाना असतो. एका आजोबांनी मला विचारले होते, "इथं काय लिवायचं? डोंगर, असं लिवू का?"

आणि तरीही पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा पैजा लावतच होतो.

यंदाच्या जुलैत आमच्या शाखाधिकारी साहेबांनी जाहीर केले, की रविवारी सगळ्या स्टाफने 'मान्सून ट्रेक'ला जायचे. साहेब मूळचे सपाट मुलखातले. त्यांना डोंगर म्हणजे फोटोची मागची बाजू वाटते. डोंगर कुंभार्ली घाटाच्या अलीकडचा होता. नाव मुद्दाम सांगत नाही, बिचाऱ्याने आमचे काही वाकडे केलेले नाही. शनिवारी संध्याकाळी मी हवामान खात्याचा इशारा पाहिला. ऑरेंज.

"रेड नाही ना?" साहेब म्हणाले. "मग झालं तर!"

चारातला तिसरा, नारंगी. माझ्या पॅंटवर कुठूनतरी पीठ पडल्यासारखे वाटले. पण स्टाफसमोर साहेबांना 'नाही' म्हणणे हा प्रकार माझ्या सर्व्हिस रेकॉर्डात नाही. गेलो.

पाऊस नुकताच थांबला होता. साहेब पुढे, कॅशियर मध्ये, शिपाई डबे घेऊन मागे, आणि मी सगळ्यांच्या मागे, कारण घाबरटांची ती राखीव जागा आहे. तासभर चढल्यावर एक ओढा लागला. लालभडक पाणी. बरे, पावसाळ्यात ओढा लाल असायचाच. पण त्याला येऊन मिळणारा झरासुद्धा लाल होता, आणि त्या झऱ्याचे पाणी निवळशंख असते म्हणून आमचा शिपाई बाटली भरायला गेला होता. पुढे कुंपणाचे चार खांब एकाच बाजूला झुकलेले. त्याच्या वर, गवतात, आडवी एक चीर. फार नाही, चार बोटे रुंद. ती पायवाटेच्या बरीच वर, उताराच्या काठाशी होती.

परातीत चीर तिथेच पडली होती.

मी उभा राहिलो आणि मला सगळे एकदम दिसले. खाली काळा कातळ म्हणजे परात. त्यावर मुरमाड माती. पाच दिवसांचा पाऊस तिच्यात मुरत खाली गेला, कातळावर अडला, आणि पाण्याने फुगून मातीचे कण एकमेकांचा हात सोडायला लागले. वर हिरवेगार गवत. वरून सुंदर. कोनमापक नव्हता, पण तीसच्या वर होताच. कारण साहेबांना धाप लागली होती.

"साहेब, परत जाऊ या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मग जे व्हायचे तेच झाले. साहेब म्हणाले, इतक्या लांब आलोय. कॅशियर म्हणाला, आत्ताच कॉलेजची पोरं वर गेली, त्यांना काय झालं? (कालच्या रेघा!) शिपाई म्हणाला, क्लार्कसाहेबांना जोराची लागली असेल. मी बर्फ, साखर आणि पीठ यांच्याविषयी बोलू लागलो, आणि कोयनेच्या पावसात भिजत एखादा माणूस काश्मिरातल्या बर्फाविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्यांचे चेहरे कसे होतात ते मी पाहून घेतले.

तेवढ्यात आमचे दूधवाले आबा इरले घेऊन खालून येताना दिसले. मला वाटले, आता हे अनुभवी गृहस्थ आपली बाजू घेतील. मी झऱ्याकडे बोट दाखवले.

"कालपातूर निवळ हुतं," आबा म्हणाले. "आज सकाळधरनं लाल झालंया."

"मग वर जायला धोका आहे का?" साहेबांनी विचारले.

"आता ते म्या काय सांगू सायेब, तुमी शिकल्याली मानसं." आणि चार पावले गेल्यावर वळून, "म्हशी न्हाय वर न्हेल्या म्या आज."

मला हा पुरावा निर्णायक वाटला. साहेबांना वाटला नाही. म्हशींचे मत घेऊन बँकेत निर्णय होत नाहीत. शेवटी माझ्या तोंडून ते वाक्य गेले, जे वीस वर्षांत कधी गेले नव्हते: "हेळवाकला परत जाऊ. कांदाभजी आणि चहा, सगळ्यांचा, माझ्यातर्फे."

काही क्षण डोंगरात फक्त पाण्याचा आवाज होता. मग कॅशियर म्हणाला, "तसं वर बघण्यासारखं काही नाहीच म्हणा." दहा मिनिटांत आम्ही उतरणीला लागलो. ओढ्याच्या खालची ती जागा आम्ही एकेकटे ओलांडली. एका वेळी एकच जण, बाकीचे लक्ष ठेवून. हेही भाच्याने सांगितले होते. मी नुसते "चिखल आहे, सांभाळून" म्हणालो आणि ते तसे आपोआप झाले. बिल 640 रुपये झाले. साहेबांनी तीन प्लेटी खाल्ल्या.

आम्ही भजी खात असताना ती कॉलेजची पोरे वरून आरडाओरडा करत, झकास खाली आली. शेजारच्याच टेबलावर बसून त्यांनी आपले व्हिडिओ एकमेकांना दाखवले. तो डोंगर, मी हे लिहीत असेपर्यंत, जागच्या जागी आहे. चिरेवर गवत आले असेल. सोमवारी मी ऑफिसात शिरलो तेव्हा काउंटरवरून कुणीतरी म्हणाले, "आले, हिमालय आले!" तेव्हापासून तेच नाव आहे. परवा एका खातेदारानेसुद्धा विचारले, "हिमालयसाहेब जेवायला गेलेत का?"

त्या सोमवारी रात्री मी भाच्याला फोन केला. सगळे सांगितले. झरा, खांब, चीर, म्हशी, भजी. त्याने मध्ये एकदाही हूं की चूं केले नाही.

"मग दरड आली?" शेवटी त्याने विचारले.

"नाही ना."

"कधी येणारही नाही कदाचित."

"कदाचित," मी म्हणालो. "640 रुपये मात्र गेले. आणि ऑफिसात मला हिमालय म्हणायला लागलेत."

पलीकडे तो इतका वेळ हसत होता, की मला वाटले फोन कट झाला.

"हसतोस काय?"

"काही नाही, मामा. त्या दिवशी उतारावरून परत आलो ना, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये मला 'मामा' म्हणतात."